वाचकांचे प्रश्न : अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना पैसा कोण पुरवते?

प्रश्न : माझी पुतणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका राज्य विद्यापीठात शिकते. तिच्या सत्राच्या बिलात आरोग्यसेवा आणि संगणक यांच्या शुल्काबरोबर ‘ॲथलेटिक्स फी’ म्हणून काहीशे डॉलर लावलेले दिसले. तिने आजवर तिथला एकही सामना पाहिलेला नाही. आपल्याकडेही महाविद्यालयाच्या पावतीवर जिमखाना फी असते, पण ती नावापुरती. तिकडे लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम भरतात, प्रशिक्षकांना कोट्यवधी डॉलर पगार मिळतो, असे आपण वाचतो. मग विद्यार्थ्यांच्या खिशात हात घालण्याची वेळ या विभागांवर का यावी? की हा खर्च मुळात सरकार करते? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण लिहिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्या बहुधा एकाच विद्यापीठातल्या नसतात. ज्यांच्या स्टेडियमवर लाख माणूस जमते अशी विद्यापीठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ज्यांच्या क्रीडा विभागाचा गाडा विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो अशी शेकडो आहेत. वर्तमानपत्रांत पहिल्या गटाच्या बातम्या येतात आणि बिले मात्र दुसऱ्या गटातल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडतात.

सरकारचे आधी सांगून टाकतो. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ चालवणारे केंद्रीय क्रीडा मंत्रालय नाही आणि संघीय सरकार या विभागांना थेट अनुदानही देत नाही. राज्य विद्यापीठ आपल्या सर्वसाधारण निधीतून क्रीडा विभागाला पैसे देऊ शकते आणि त्या निधीत राज्याच्या करदात्यांचा पैसा असू शकतो, पण तो निर्णय त्या त्या राज्याचा आणि विद्यापीठाचा असतो. क्रीडा विभाग हा विद्यापीठाच्या छत्राखालचा, पण स्वतःचा जमाखर्च स्वतः मांडणारा एक निमस्वतंत्र संसार असतो. त्याच्या जमेच्या बाजूचे दोन भाग पडतात. एक, विभागाने स्वतः कमावलेला पैसा : तिकिटे, देणग्या, दूरचित्रवाणीचे हक्क, प्रायोजक. दुसरा, विद्यापीठाने दिलेला पैसा : सर्वसाधारण निधीतली मदत आणि विद्यार्थ्यांचे शुल्क. आपल्या पुतणीचे काहीशे डॉलर या दुसऱ्या भागात जमा होतात.

खेळ आणि व्यापार यांची गाठ तिथे फार जुनी आहे. दोन अमेरिकी महाविद्यालयांमधली पहिली स्पर्धा म्हणून जी ओळखली जाते, ती हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत १८५२ साली न्यू हॅम्पशर राज्यातल्या एका सरोवरावर झाली, आणि तिचा खर्च उचलला होता एका रेल्वे कंपनीने. प्रवाशांनी त्या भागात यावे एवढाच तिचा हेतू होता. महाविद्यालयीन खेळ पूर्वी निर्मळ होता आणि पैशाने तो अलीकडे बिघडवला, असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी या शर्यतीची आठवण देतो.

कमावलेल्या पैशात जुना हिस्सा तिकिटांचा. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात मोठ्या विद्यापीठाच्या घरच्या मैदानावर सहासात सामने होतात. मिशिगन, पेन स्टेट आणि ओहायो स्टेट यांच्या मैदानांची क्षमता प्रत्येकी एक लाखाहून अधिक आहे. पण चांगल्या जागेचे तिकीट नुसत्या तिकिटाच्या किमतीत मिळत नाही. आधी क्रीडा विभागाच्या निधीला देणगी द्यायची आणि मग त्या देणगीच्या प्रमाणात पुढची-मागची जागा विकत घेण्याचा हक्क मिळवायचा, अशी रीत आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठाच्या देणगीदार मंडळाचे नावच ‘आयपीटे’ असे आहे. ‘मी वर्षाला दहा देतो’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत आणि १९३४ साली, मंदीच्या काळात, वर्षाला दहा डॉलरच्या वर्गणीवर ते मंडळ सुरू झाले. गणेशोत्सवाची वर्गणी देणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे : १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१७ पर्यंत अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर देणगीदाराला आयकरात वजावट मिळत असे. म्हणजे सरकार थेट अनुदान देत नसले, तरी स्टेडियममधल्या उत्तम जागेच्या किमतीचा काही भाग करसवलतीच्या वाटेने तेच सोसत होते. २०१७ च्या करकायद्याने ही सवलत काढून टाकली.

आज या विभागांचे खरे अन्नदाते मात्र दूरचित्रवाणीचे हक्क आहेत, आणि त्याचे मूळ एका न्यायालयीन निकालात आहे. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था, म्हणजे १९०६ साली स्थापन झालेली एनसीएए, पूर्वी कोणत्या विद्यापीठाचे फुटबॉल सामने किती वेळा दाखवायचे हे स्वतः ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याला आव्हान दिले आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. सात विरुद्ध दोन अशा या निकालात विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः एके काळचे नामांकित फुटबॉलपटू होते. खेळाचा शैक्षणिक बाणा पैशाच्या बाजारात टिकणार नाही, ही त्यांची भीती होती. त्यानंतर हक्क विकण्याचे काम विद्यापीठांच्या प्रादेशिक गटांकडे गेले. या गटांना तिथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. त्यांतल्या बिग टेन या गटाने २०२२ साली फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. नावात दहा असले तरी या गटात आज अठरा विद्यापीठे आहेत.

त्या अठरांत लॉस एंजेलिसचे यूसीएलए कसे आले, ही गोष्ट या साऱ्या अर्थकारणाचा अर्क आहे. यूसीएलएने २०१६ साली अंडर आर्मर या कंपनीशी कपडे-बुटांच्या प्रायोजकत्वाचा पंधरा वर्षांचा २८ कोटी डॉलरचा करार केला होता. २०२० मध्ये कंपनीने तो मोडला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर तडजोड झाली. करोनाच्या वर्षात तिकिटेही गेली आणि क्रीडा विभाग तुटीत रुतला. मग पॅसिफिक किनाऱ्यावरचा जुना गट सोडून विद्यापीठाने २०२४ पासून बिग टेनची वाट धरली. त्यामुळे लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल संघाला आता सामन्यासाठी पार न्यू जर्सीपर्यंत जावे लागते. त्याच विद्यापीठव्यवस्थेतले बर्कली मात्र मागे राहिले आणि त्याचे उत्पन्न घटले, म्हणून व्यवस्थापन मंडळाने यूसीएलएला असा दंडक घातला की त्याने काही वर्षे दरसाल एक कोटी डॉलर बर्कलीला द्यावेत. तिकडच्या पत्रकारांनी या रकमेला बर्कलीचे टोपणनाव ‘कॅल’ आणि पोटगीसाठीचा इंग्रजी शब्द ‘ॲलिमनी’ यांची सांगड घालून ‘कॅलिमनी’ असे नाव दिले. घटस्फोटाची भाषा इथे चपखल बसते.

एनसीएएला स्वतःला वरच्या दर्जाच्या फुटबॉलमधून काहीच मिळत नाही. तिचे पोट भरते ते मार्च महिन्यातल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेवर. तिचे प्रक्षेपण हक्क २०३२ पर्यंत विकलेले आहेत आणि २०१६ साली वाढवून घेतलेल्या आठ वर्षांचीच किंमत ८.८ अब्ज डॉलर आहे. यातला मोठा भाग विद्यापीठांना वाटला जातो. एखादा संघ स्पर्धेत जितके सामने खेळेल, अंतिम सामना सोडून, तितके हिस्से त्याच्या कॉन्फरन्सला मिळतात आणि ते सहा वर्षे हप्त्यांनी येत राहतात. महिलांच्या स्पर्धेला अशी वाटणी २०२५ पर्यंत नव्हती.

लहान विभागांकडे कमाईचे आणखी एक साधन असते : पैसे घेऊन हरायला जाणे. मोठे विद्यापीठ हंगामाच्या सुरुवातीला लहान विद्यापीठाला आपल्या मैदानावर बोलावते, ठरलेली रक्कम देते आणि सोपा विजय पदरात पाडून घेते. लहान विद्यापीठाच्या वर्षभराच्या हिशोबात ही रक्कम मोठा आधार असते. क्वचित डाव उलटतो. २००७ साली ॲपलाचियन स्टेटला मिशिगनने चार लाख डॉलर देऊन बोलावले आणि एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांच्याकडून ३४–३२ अशी हार पत्करली. २०२४ मध्ये नोत्र दामने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर दिले आणि सामनाही १६–१४ असा त्यांनाच दिला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. एनसीएएच्या पहिल्या विभागात, म्हणजे तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आहेत. त्यांतल्या ज्या क्रीडा विभागांची स्वतःची कमाई खर्चाहून अधिक भरते, त्यांची संख्या करोनापूर्वीच्या सुस्थितीच्या काळातही दोन डझनांच्या आसपासच होती. बाकीच्यांची तूट कोणीतरी भरून काढावी लागते आणि विद्यार्थी हा त्यांतला सर्वांत हाताशी असलेला देणेकरी. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात क्रीडा विभागासाठीचे वार्षिक शुल्क माणशी दोन हजार डॉलरच्या आसपास गेले होते. त्या राज्यात ही ओरड इतकी वाढली की २०१५ साली विधिमंडळाने कायदा करून, क्रीडा विभागाच्या उत्पन्नात शुल्काचा आणि विद्यापीठाच्या मदतीचा वाटा जास्तीत जास्त किती असावा, याला संघाच्या दर्जानुसार मर्यादा घातल्या.

श्रीमंत विभागांजवळही शिल्लक फारशी राहत नाही, आणि याचे कारण मला खर्चापेक्षा त्यांच्या घडणीत दिसते. या विभागांना मालक नाही, भागधारक नाहीत; नफा झाला तरी तो वाटून घ्यायला कोणी नाही. मग तो पैसा प्रशिक्षकांच्या करारांत, सरावाच्या इमारतींत आणि खेळाडूंना भुलवणाऱ्या संगमरवरी लॉकर-खोल्यांत मुरतो. ओहायो स्टेटच्या क्रीडा विभागाचे उत्पन्न २०२१-२२ मध्ये २५ कोटी डॉलरच्या वर होते. पण संघ छत्तीस खेळांचे, आणि त्यांतले बहुतेक खेळ पैसे मिळवून देणारे नव्हेत. टेक्सास ए अँड एमने २०२३ च्या नोव्हेंबरात फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढले, तेव्हा उरलेल्या कराराची भरपाई साडेसात कोटी डॉलरहून अधिक निघाली. काम न करण्यासाठी दिलेली ही रक्कम होती, हे मुद्दाम पुन्हा लिहितो. वाचताना डोळ्यांखालून निसटू नये.

आपल्या पुतणीला ते शुल्क बहुधा टाळता येणार नाही, कारण ते सरसकट असते. मात्र अनेक ठिकाणी त्या बदल्यात विद्यार्थी ओळखपत्रावर सामन्यांना मोफत प्रवेश मिळतो, याची तिने चौकशी करावी. शिवाय १९९४ च्या एका कायद्याने, संघीय विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन खेळ चालवणाऱ्या प्रत्येक सहशिक्षण संस्थेला क्रीडा विभागाचा जमाखर्च दरवर्षी शिक्षण खात्याकडे द्यावा लागतो आणि तो कोणालाही संकेतस्थळावर पाहता येतो. तिच्या विद्यापीठाचे आकडे आपण इथे बसूनही पाहू शकाल. उत्पन्न आणि खर्च पैशाला पैसा जुळलेले दिसले, तर विभाग स्वावलंबी आहे असे मात्र समजू नये. विद्यापीठाने घातलेली भर तिथे उत्पन्नातच धरलेली असते.

प्रश्न : माझी मुलगी आणि मुलगा दोघेही टेनिस खेळतात. अमेरिकेत टेनिसवर पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, असे येथील एक सल्लागार सांगतात. ज्या खेळाला प्रेक्षक नाहीत, त्याच्या शिष्यवृत्तीचा पैसा कोण देते? आता तिथल्या खेळाडूंना पगार मिळू लागला आहे, असेही ऐकले. — एक पालक, नागपूर

उत्तर : मोठ्या विद्यापीठांत टेनिसचा खर्च फुटबॉल आणि पुरुषांचे बास्केटबॉल उचलतात, लहान ठिकाणी तो वर सांगितलेल्या शुल्कातून आणि विद्यापीठाच्या निधीतून निघतो. एकत्र कुटुंबात एकाच्या पगारावर दहा जण जेवावेत, तशी ही व्यवस्था आहे, आणि कर्त्याची मिळकत घटली की कोणाचे ताट आधी उचलले जाते हेही ठरलेले आहे. मेरीलँड विद्यापीठाने २०१२ साली पैशाअभावी सात खेळांचे संघ बंद केले. अपार श्रीमंत मानल्या जाणाऱ्या स्टॅनफर्डनेही २०२० मध्ये छत्तीसांपैकी अकरा खेळ बंद करण्याची घोषणा केली होती. माजी विद्यार्थी आणि खेळाडू खवळून उठल्यावर पुढच्या वर्षी ती मागे घेतली.

आपल्या दोन्ही मुलांची शक्यता सारखी नव्हती, हे सल्लागारांनी आपल्याला सांगितले की नाही ते मला माहीत नाही. २०२४-२५ पर्यंतच्या नियमांनुसार पहिल्या विभागातल्या विद्यापीठाला महिलांच्या टेनिस संघासाठी आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि पुरुषांच्या संघासाठी केवळ साडेचार. साडेचार म्हणजे त्या तुकड्यांत वाटल्या जात. या तफावतीमागे १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा कायदा आहे : संघीय मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येत नाही आणि हे खेळालाही लागू आहे. एकट्या फुटबॉलच्या संघात ८५ मुलगे शिष्यवृत्तीवर असत. तेवढी बाजू सावरण्यासाठी इतर खेळांत मुलींना अधिक जागा द्याव्या लागल्या. तिसऱ्या विभागातली महाविद्यालये आणि हार्वर्ड-येलचा आयव्ही लीग गट खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे गरजेनुसार मिळणारे साहाय्य वेगळे. लहान खासगी महाविद्यालयांचे गणित तर उलटे असते. त्यांच्यासाठी संघ हे प्रवेश भरण्याचे साधन आहे : संघात जागा मिळते म्हणून मुलगा प्रवेश घेतो आणि त्याने भरलेले शिक्षणशुल्क हेच त्या संघाचे उत्पन्न.

पगाराविषयी ऐकलेले अर्धे खरे आहे. खेळाडूला मोबदला द्यायचा नाही, तो ‘विद्यार्थी-खेळाडू’ आहे, हा एनसीएएचा अनेक दशकांचा बाणा. हा शब्दप्रयोगही सोवळ्यातून आलेला नाही. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला, त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली, आणि तो महाविद्यालयाचा नोकर नव्हता, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. खेळाडूला कामगार म्हटले जाऊ नये म्हणूनच संघटनेने हा शब्द रूढ केल्याचे तिचे त्या काळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच मान्य केले. या बाण्याला तडा गेला २०२१ मध्ये. शिक्षणाशी निगडित लाभांवरची एनसीएएची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकायदा ठरवली आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छबीचा जाहिरातींसाठी मोबदला घेता येऊ लागला. त्यापुढचा टप्पा ६ जून २०२५ चा. त्या दिवशी न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे आहेत, आणि चालू खेळाडूंना विद्यापीठे थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. कायद्याच्या भाषेत हा अजूनही पगार नाही.

त्यांतला सिंहाचा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलपटूंकडे जातो, हे उघड आहे. नव्या नियमांत शिष्यवृत्त्यांवरची जुनी मर्यादा जाऊन संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली आहे, त्यामुळे साडेचारचा हिशोब कागदावर संपला. पण मर्यादा उठली म्हणून पैसा आला असे होत नाही. वर्षाला दोन कोटींचा नवा खर्च पेलणारा विभाग टेनिसवर हात सैल सोडेल, असे मला वाटत नाही. शिवाय आपली मुले एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर जातील. त्या व्हिसावर कामाचे निर्बंध कडक असल्यामुळे अमेरिकी खेळाडू सहज घेतात तसा जाहिरातीचा मोबदला त्यांना घेता येईलच असे नाही. तज्ज्ञ वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नये. सल्लागारांकडून मात्र एकच गोष्ट लेखी मागावी : त्या विशिष्ट विद्यापीठाने देऊ केलेली रक्कम किती आणि ती किती वर्षांसाठी.

प्रश्न : मी पदार्थविज्ञान शिकवत असे. पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षकसज्जाखाली घडवली गेली, हे दरवर्षी वर्गात सांगताना मनात येई की ते स्टेडियम रिकामे कसे काय होते? — एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : कारण त्या विद्यापीठाने फुटबॉल सोडून दिला होता. हे विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. त्याने १८९२ साली ॲमोस अलोन्झो स्टॅग यांना प्रशिक्षक म्हणून आणताना प्राध्यापकाचा दर्जा दिला होता आणि पुढे मैदानालाही त्यांचेच नाव दिले. देशातल्या उत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूला दिला जाणारा हाइसमन करंडक १९३५ साली प्रथम दिला गेला, तोही शिकागोच्याच जे बरवँगर यांना. परंतु कुलप्रमुख रॉबर्ट हचिन्स यांचे मत असे होते की प्रवेशद्वारावरच्या तिकिटांसाठी खेळणे हे विद्यापीठाचे काम नव्हे. अभ्यासाच्या अटी सैल न केल्यामुळे संघ दुबळा होत गेला, तशी गर्दी आणि तिची मिळकतही ओसरली. १९३९ च्या हंगामात मिशिगनने शिकागोला ८५–० असे हरवले आणि त्याच डिसेंबरात विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला. १९४६ मध्ये विद्यापीठ बिग टेनमधूनही बाहेर पडले.

२ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिमेकडच्या सज्जाखालच्या रॅकेट-खेळाच्या बंदिस्त मैदानात ती प्रक्रिया साधली, तेव्हा वरच्या बाकांवर सामना पाहणारे कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. शिकागोत फुटबॉल १९६९ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि आज तो शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या विभागात खेळला जातो. जुने स्टेडियम मात्र पाडले गेले आणि त्या जागी विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय उभे आहे.